चालू होणारी प्रत

बीदर जिल्ह्यातल्या भालकीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक आहे. त्यावर मी लग्नपत्रिका, निवेदनं, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. लेक कलबुर्गीहून सुट्टीला आली की तिचं कामही त्यावर चालतं, आणि सासऱ्यांनी आयुष्यभर जपलेल्या जुन्या कागदांचे स्कॅनही त्यातच आहेत. या संगणकाची मी अशी एक प्रत बाळगते, की आतली डिस्क गेली तर त्या प्रतीवरून तो जसाच्या तसा पुन्हा सुरू व्हावा. ही सवय लागताना आणि लागल्यावर जे उमगत गेलं, ते इथं सांगते. तुमचं गाव, तुमची कामं वेगळी असतील. तुमच्या हिशेबानं वाचा.

१. फाईल वाचली म्हणजे मजकूर वाचला, असं नाही. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ पडद्याकडे नुसती पाहत बसले होते. वळवाचे दिवस होते, करंटची सारखी ये-जा चालली होती, आणि त्यात डिस्कनं मान टाकली. कामाच्या सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर होत्या, त्यामुळे मी निर्धास्त होते. शेजारच्या संगणकावर एक लग्नपत्रिका उघडली. आमच्याकडच्या पत्रिकेला दोन बाजू असतात. मराठी बाजूला वर ‘श्री खंडोबा प्रसन्न’, कन्नड बाजूला ‘मैलार मल्लण्णा’. देव एकच, खानापूरच्या मैलारचा, आमच्याच तालुक्यातला. पडद्यावर मात्र दोन्ही बाजूंना रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं आणि मध्येच एखादा उलटा स्वल्पविराम. नवरीचं नावही ओळखू येईना.

कारण समजून घेतलं तेव्हा गोष्ट सोपी निघाली. युनिकोड रुळण्याआधीची बहुतेक भारतीय डीटीपी सॉफ्टवेअरं रोमन अक्षरांच्या जागी आपली अक्षरं बसवून काम भागवत. ‘श्रीलिपी’त मराठी टाइप केलं तर फाईलमध्ये साठतं ते रोमनच, श्रीलिपीचा फॉन्ट त्याला देवनागरीचा चेहरा देतो. कन्नडसाठीच्या जुन्या ‘नुडी’चंही तेच. फॉन्ट नसेल तर चेहरा नाही. वर हे सगळं ज्या पेजमेकरमध्ये मांडलेलं, त्याची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली आणि पुढे ते बंदच झालं. कुणी उर्दू मजकूर आणला तर त्याला ‘इनपेज’ वेगळं. म्हणजे माझं खरं भांडवल होतं ती या सगळ्यांची एका यंत्रावर बसलेली घडी. कुठला फॉन्ट कुठल्या आवृत्तीचा, कुठला कीबोर्ड कुठल्या बटणानं बदलतो, प्रिंटरचा जुना ड्रायव्हर कुठला. ती घडी पुन्हा बसवायला किती रात्री जागावं लागतं, हे ज्यानं बसवलीय त्यालाच माहीत. त्यानंतर मी फाईलींबरोबर अख्ख्या यंत्राची प्रत काढायला लागले.

२. डोळ्यांनी वाचता येणारी वस्तू किती श्रीमंत असते, हे संगणक वापरताना अधिक कळतं. आमच्या बीदरच्या मुलखाशी नातं असलेले संतकवी दासोपंत १५५१ साली जन्मले. त्यांचे वडील बीदरच्या बरीदशाहीत देशपांडे. वसूल भरला गेला नाही म्हणून लहानग्या दासोपंतांना बीदरला ओलीस ठेवल्याची कथा आमच्याकडे अजून सांगतात. पुढे ते अंबाजोगाईला राहिले आणि तिथं त्यांनी ‘पासोडी’ लिहिली, सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर. चारशे वर्षांनंतरही ते कापड उलगडलं की मजकूर समोर. वाचणाऱ्याला मराठी आली पाहिजे, बस्स. मधे कुठलं यंत्र नाही, फॉन्ट नाही, ड्रायव्हर नाही.

माझ्या डिस्कवर दहा-बारा वर्षांपूर्वी टाइप केलेलं एक स्मरणिकेचं पान आहे, ते वाचायला मात्र यंत्र लागतं, त्यावर विंडोज लागतं, त्यावर पेजमेकर, त्यावर फॉन्ट. एकही पायरी निखळली की पान मुकं. म्हणून मला वाटतं, आपल्या काळातल्या प्रतीनं मजकुराबरोबर वाचायची सोयही स्वतःच आणली पाहिजे. सुरू होणारी प्रत ठेवायची ती यासाठी. तंत्रज्ञानाची हौस म्हणून हे करायची गरज नाही.

३. संगणकाला सुरू करणारा भाग आपल्याला दिसतच नाही, हे मला फार उशिरा समजलं. ‘सी’ ड्राइव्हमधलं सगळं काही बाहेरच्या डिस्कवर ओढून टाकलं तरी त्या डिस्कवरून यंत्र सुरू होत नाही. नव्या पद्धतीच्या संगणकात डिस्कवर एक छोटासा लपलेला कप्पा असतो, बहुतेकदा शंभर-एक एमबीचा. यंत्र आधी तिथं जातं, तिथून विंडोजचा पत्ता घेतं आणि मग पुढे सरकतं. नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये तो कप्पा येत नाही. तो नसलेली प्रत म्हणजे दार न ठेवता बांधलेलं घर. जुन्या यंत्रांत हीच माहिती डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात असते. दोन्ही रीतींत मुद्दा एकच: प्रत काढायची तर पूर्ण डिस्कची, कप्प्यांसकट.

त्यासाठी मी ‘क्लोनझिला’ वापरते. तैवानमध्ये तयार झालेलं हे फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज बंद असतानाच डिस्कची नक्कल करतं. त्याचे पडदे जुन्या वळणाचे, निळे-करडे, आणि माऊस उपयोगाचा नाही. ज्यांना ते जड वाटेल त्यांच्यासाठी ‘रेस्क्यूझिला’ आहे, तेच काम माऊसनं होतं. दोन्हींत एक जागा अशी आहे जिथं हात थांबलाच पाहिजे. मूळ डिस्क कुठली आणि जिच्यावर उतरवायचं ती कुठली, असं विचारतात तिथं. दुसरीवरचं सगळं पुसलं जाणार असतं. तिथं मी डिस्कचं नाव आणि आकार कागदावरच्या नोंदीशी ताडून पाहते, मोठ्यानं वाचते, मगच पुढचं बटण. आणखी एक, प्रतीची डिस्क मुळाएवढी किंवा मोठी हवी. ५०० जीबीच्या डिस्कची नक्कल ४८० जीबीच्या एसएसडीवर सरळ उतरत नाही. खरेदीच्या वेळी दुकानदार ‘सारखंच आहे की’ म्हणतो. तेवढ्यावर जाऊ नका.

४. बाहेरून यूएसबीला जोडलेल्या डिस्कवरून विंडोज सुरू करणं सरळ जमत नाही, हे माझ्यासाठी नवलच होतं. मला वाटायचं, वायर लावली की झालं. तशी सोय विंडोजच्या काही आवृत्त्यांत होती, ‘विंडोज टू गो’ नावाची, पण २०२० च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं ती काढून टाकली. त्यामुळे माझी प्रत अडीच इंची एसएसडीवर आहे, एका साध्या यूएसबी केसमध्ये. गरज पडली की केस उघडायची, एसएसडी काढून संगणकाच्या पोटात मूळ डिस्कच्या जागी लावायची. (मॅकवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पुण्याची भाची सांगत होती की त्यांच्या नव्या चिपच्या मॅकमध्ये आतली डिस्क पूर्ण मेली तर बाहेरची चालूच होत नाही.)

हे सगळं होईपर्यंतच्या मधल्या वेळेसाठी एक दुसरी वस्तू आहे आणि तिनं मला जास्त वेळा तारलंय: लिनक्सचा पेनड्राइव्ह. माझ्याकडे ‘मिंट’ आहे. पेनड्राइव्ह लावायचा, यंत्र सुरू होताना बूटचं बटण दाबायचं, कुठे एफ बारा, कुठे एफ नऊ, कुठे एस्केप, आणि काही मिनिटांत पूर्ण चालू संगणक समोर. आतल्या डिस्कला हातही लागत नाही. लेकीच्या परीक्षेचं हॉल तिकीट छापायचं होतं आणि विंडोज अपडेटमध्ये अडकून फिरत बसलं होतं, तेव्हा याच पेनड्राइव्हवरून पीडीएफ काढून आम्ही छापली. एक मात्र लक्षात ठेवायचं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर संगणक बंद केल्यावरही तो अर्धवट झोपलेला असतो, आणि लिनक्सला त्या डिस्कवर वाचता येतं पण लिहिता येत नाही. मी ते फास्ट स्टार्टअप बंद करून टाकलंय.

लिनक्सनं मला आणखी एक आनंद दिला, त्याचा या विषयाशी संबंध थोडा लांबचा आहे, तरी सांगते. त्यात मराठी आणि कन्नड दोन्हींचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तयारच असतो. ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी म्हणून तो बनवला गेला. मराठीचा ‘क’ ज्या बटणावर, कन्नडचा ‘क’ही त्याच बटणावर. एकदा बोटांना वळण लागलं की भाषा बदलली तरी बोटं तीच धावतात. दोन भाषांत दिवसभर जगणाऱ्या माणसाला याहून सोयीची गोष्ट दुसरी नाही. सरकारी कामाला नुडीची मांडणी लागते ती लागतेच, पण घरच्या कामाला मी आता हीच वापरते.

५. जिच्यावरून एकदाही यंत्र सुरू केलं नाही, त्या प्रतीवर मी भरवसा ठेवत नाही. या बाबतीत माझं मन अगदी ठाम आहे. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू असताना कुणाच्या तरी एका आदेशानं त्याच्या बहुतेक फाईली पुसल्या गेल्या. पिक्सारसारखी कंपनी, तिथं बॅकअप घेतला जात होता. पण तो नीट उतरतोय का, हे तपासलेलं नव्हतं, आणि वेळेला तो तोकडा पडला. चित्रपट वाचला तो तिथल्या गेलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. नुकतंच बाळ झालं होतं म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. एवढ्या मोठ्या कारभारात घरचा संगणक कामी आला, हे वाचलं तेव्हा मला आमच्या पुढच्या खोलीतल्या संगणकाबद्दल फार जिव्हाळा वाटला.

तपासणीसाठी मी दोन दिवस धरलेत. एक पाडव्याच्या आधीचा, उन्हाळा आणि वळवाच्या विजा तोंडावर असतात म्हणून. दुसरा खंडेनवमीच्या आदल्या दिवशीचा. आमच्याकडे खंडेनवमीला शेतातल्या अवजारांपासून ट्रॅक्टर-मोटारसायकलींपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते. शिवणयंत्राला हार, संगणकाला कुंकू. त्या दिवशी यंत्र बंद असतं. आदल्या दिवशी त्याची धूळ पुसायची असतेच, त्यासाठी बाजूचा पत्रा उघडलेला असतो, तेव्हाच डिस्क बदलून पाहते. मूळ डिस्कची साटा वायर काढते. तिच्या टोकाला छोटी खाच असते, ती एकाच बाजूनं बसते, ओढाताण करायची नाही. मग एसएसडी लावते. मूळ आणि प्रत एकाच वेळी जोडून यंत्र सुरू करत नाही. दोघींची अंगची ओळखसंख्या सारखीच असते, विंडोज गोंधळतं आणि एकीला बाजूला बसवतं.

यंत्र सुरू झालं एवढ्यावर थांबत नाही. तीच ती पत्रिका उघडते. मराठी बाजू, कन्नड बाजू. मग इनपेजमधलं एक उर्दू पान. तिन्ही लिप्या नीट दिसल्या की मग प्रिंट देते. कागद बाहेर येतो तेव्हा अंगातला ताण उतरतो.

६. नेहमी जोडून ठेवलेली प्रत मुळाबरोबरच जाते. वीज माणसासारखा विचार करत नाही. जे जे वायरला लावलंय ते ते एका झटक्यात. चैत्र-वैशाखात बीदर-कलबुर्गीकडे ढग भरून येतात, पाऊस चार थेंबांचा आणि विजा ढीगभर. म्हणून प्रत काढून झाली की केसची वायर काढायची आणि ती कपाटात. यात दुसराही फायदा आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला तेव्हा लोकांना कळलं की असा खंडणीखोर व्हायरस यंत्राला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाईलीही कुलूपबंद करून टाकतो. कपाटातल्या डिस्कपर्यंत तो पोचत नाही.

पण कपाट कुठलं, हेही पाहावं लागतं. बीदर उंचावर आहे, तिथला उन्हाळा त्या मानानं सुसह्य. कलबुर्गीत पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावरची पेटी त्याहून तापते. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठते आणि वीज न मिळता, त्यातही उष्णतेत पडून राहिली तर तो भार हळूहळू ओसरतो. या उद्योगाच्या जेडेक मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीनं आपलं लिहिण्याचं आयुष्य पुरं झाल्यावरही ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. तापमान वाढलं की तो काळ भराभर घटतो. नवी एसएसडी इतकी हळवी नसते, तरी मी तिला वर्षानुवर्षं पडून राहू देत नाही; त्या दोन तपासण्यांच्या तारखा इथंही उपयोगी पडतात. आणि जोडीला एक जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क ठेवलीय, सावकाश चालणारी, पण अशा पडून राहण्याला जास्त सोशीक.

७. एकाच छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती संकट आलं की एकच ठरतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं तीन-दोन-एकचा नियम लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. हे वाचायच्या आधीपासून आमच्या जिल्ह्यात त्याचा धडा उभाच आहे. बहमनी वजीर महमूद गावानचा बीदरचा मदरसा १४७२ साली बांधून झाला. तिथल्या ग्रंथालयात तीन हजारांवर हस्तलिखितं होती, असं सांगतात. औरंगजेबाच्या काळात त्या इमारतीत दारूगोळा ठेवला गेला आणि १६९६ च्या सुमारास स्फोट झाला. वीज पडली असंही म्हणतात. इमारतीचा मोठा भाग गेला, पुढच्या दोन मिनारांतला एक गेला. उरलेल्या मिनाराच्या रंगीत फरशा आजही लांबून चमकतात. मी तिथं गेले की माझं लक्ष त्या फरशांकडे कमी आणि आतल्या रिकाम्या खोल्यांकडे जास्त जातं.

माझी तिसरी प्रत उदगीरला नणंदेकडे असते. सण-समारंभाला जाणं-येणं आहेच. जाताना नवी द्यायची, जुनी आणायची. नणंदबाई ती देवघराच्या वरच्या फळीवर ठेवतात आणि दर वेळी विचारतात, “वैनी, ह्यात आमच्या बाबांचे कागद पण हाईत ना?” आहेत.

८. प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाला चालवता आली नाही, तर ती अर्धीच आहे. मी आजारी असताना हे जाणवलं. लेकीचा फोन आला होता, “आई, काळा पडदा आलाय, पुढं काय करू?” मी अंथरुणातून तिला एकेक पायरी सांगत होते आणि तिला डिस्क कुठली, केस कुठली, काही ठाऊक नव्हतं. त्यानंतर एक जाड कागद तयार केला. कुठलं बटण दाबायचं, डिस्क कुठे ठेवलीय, कुठली मूळ कुठली प्रत, प्रतीची तारीख. एका बाजूला मराठीत, मागच्या बाजूला कन्नडमध्ये, कारण दुरुस्तीला येणारा पोरगा कन्नड शाळेत शिकलेला आहे आणि त्यालाही न विचारता वाचता आलं पाहिजे. तो कागद संगणकाच्या मागच्या बाजूला चिकटवलेला आहे.

त्याच कागदाबद्दल एक खबरदारी. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ती डिस्क किंवा तिची प्रत दुसऱ्या यंत्रात घातली की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती नसेल तर आतलं काही मिळत नाही, कुणालाच. लेकीच्या लॅपटॉपची ती किल्ली छापून घेतली. पण ती यंत्राला चिकटवलेली नाही. घरपट्टीच्या पावत्या आणि रेशन कार्डाच्या फाईलमध्ये आहे, जिथं घरातला कुणीही न सांगता हात घालतो.

आणि एक वस्तू अशी आहे की जिची नक्कल होतच नाही. जुन्या श्रीलिपीला डोंगल लागतं, बोटाएवढा तुकडा. तो नसेल तर अख्खी प्रत सुरू होऊनही मराठी सुरू होत नाही. त्याला मी लाल दोरा बांधलाय आणि तो यंत्राच्या बाहेर कधी लोंबकळत ठेवत नाही.

९. सरकारकडचं सरकार सांभाळतं, आपल्याकडचं आपल्यालाच. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेत पहाण्या, म्हणजे जमिनीचे उतारे, संगणकावर आल्या. राज्यभरातल्या तालुक्यांमधल्या सुमारे दोन कोटी नोंदी, ६७ लाख शेतकऱ्यांच्या. हातानं लिहिलेल्या पहाणीचं चलन तेव्हा संपलं. आता आरटीसी, म्हणजे तीच पहाणी, हवी असेल तर ती कुठूनही निघते, तिची काळजी मी करत नाही.

पण त्या पहाणीच्या मागे आमच्या घरात जे आहे, ते कुठल्याच सर्व्हरवर नाही. निजामाच्या काळातले उर्दू कागद, त्यांच्यासोबत मोडीतल्या खाजगी चिठ्ठ्या, १९५६ नंतरच्या कन्नड नोटिसा, आणि सासऱ्यांनी प्रत्येकावर मराठीत पेन्सिलीनं लिहिलेला गोषवारा. चार लिप्यांत एका घराची गोष्ट. हल्ली त्याला वेगळीच मागणी आलीय. महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला, आणि लातूर-धाराशिवकडचे सोयरे फोन करून विचारू लागले, तुमच्याकडे आजोबांच्या नावाचं काही जुनं आहे का बघा. सीमा १९५६ साली आखली गेली, सोयरीक त्याआधीची. आमच्याकडच्या मुलांना घटनेतल्या ‘थ्री सेव्हंटी वन जे’ कलमाखालच्या आरक्षणाच्या दाखल्यासाठी कागद लागतात, त्यांच्याकडच्यांना कुणबी नोंदीसाठी. अशा वेळी स्कॅन काढून दोन मिनिटांत पाठवता येतो. मूळ कागद वाळवीनं कोपऱ्यातून खायला सुरुवात केलीय, त्यामुळे काही पानांचा शाबूत असा एकच चेहरा आता डिस्कवर आहे. म्हणून हे स्कॅन मी साध्या जेपीजी आणि पीडीएफमध्ये ठेवते. ते वाचायला कुठल्याही खास सॉफ्टवेअरची मिनतवारी करावी लागत नाही.

१०. जुनं यंत्र जपणं हा कायमचा इलाज नाही, हे मी आता मान्य केलंय. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ७ चा तर २०२० च्या जानेवारीतच. माझी जुनी घडीही अशाच आधार संपलेल्या विंडोजवर आहे. ती मी आता इंटरनेटला जोडत नाही. पण एक दिवस त्या यंत्राला लागेल असा मदरबोर्ड बाजारात मिळणार नाही, डोंगल थकेल. तेव्हा खरा मार्ग युनिकोडचा. श्रीलिपीतलं युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. ते बरंचसं काम करतात, पण रफार जागा सोडतो, जोडाक्षरं फुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. माणसाच्या डोळ्याखालून प्रत्येक पान जावंच लागतं. मी जुन्या पत्रिका सोडून दिल्यात; लग्नं होऊन गेली, लेकरं शाळेत जायला लागली. स्मरणिका, गावच्या यात्रेची माहितीपत्रकं, एका निवृत्त गुरुजींनी टाइप करून घेतलेल्या आठवणी, एवढं मात्र रोज पान-दोन पान करून युनिकोडमध्ये आणतेय. आणि ते काम जोपर्यंत पुरं होत नाही, तोपर्यंत जुनं यंत्र सुरू करणारी ती एसएसडी मला लागणारच आहे.

तुमच्या घरी बॅकअपची डिस्क असेल तर येत्या रविवारी एक करा. संगणक बंद करा, मूळ डिस्कची वायर काढा, ती प्रत लावा आणि बटण दाबा. लॅपटॉप असेल आणि तो उघडणं जमणार नसेल, तर निदान लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून एकदा सुरू करून पाहा, आणि आतल्या फाईली तिथून दिसतात का ते बघा. काही अडलं तरी मूळ डिस्क तेव्हा शाबूत असेल, आणि दुरुस्त करायला वेळही हाताशी असेल.